नवेगाव बांध – गोठणगावची सायकल फेरी

गोंदियाकडे सायकल काढायची असेल तर ही फेरी जरूर आखा. नवेगाव बांध – अर्जुनी मोरगाव – गोठणगाव – प्रतापगड – परत नवेगाव बांध. घाट नाही, पण जंगलातले लांब चढउतार मांड्यांचा चांगला कस घेतात.

दिशा महत्त्वाची. आधी अर्जुनीकडे निघा. मोकळा, धानशेतीचा रस्ता पहाटे शांत असतो आणि जंगलाचा टप्पा लख्ख उजेडात येतो. हा अस्वलांचा मुलूख आहे, सूर्योदयाआधी किंवा तिन्हीसांजेला झाडीत सायकल नकोच. 2013 पासून हे नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्पाचं क्षेत्र आहे; सार्वजनिक डांबरी रस्ता सोडून आत शिरू नका.

गोठणगावाजवळ गाढवी नदीवरचं इटियाडोह धरण पाहा. पुढे प्रतापगडच्या बाजूला 1970च्या दशकात वसलेली तिबेटी वसाहत. धानाच्या बांध्यांशेजारी फडफडणाऱ्या पताका मला दरवेळी थांबवतात!

नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तम. तेव्हा नवेगावच्या तलावावर स्थलांतरित पक्षी असतात, म्हणून शेवटचा तास तिथे ठेवा. सातबहिणी डोंगरांमधलं पाणी अडवणारा हा बांध कोलू पाटील कोहळींनी घातला असं सांगतात. कोहळी समाजाचं जलज्ञान पाळीवर उभं राहिलं की कळतं.

दिवाळीनंतर गावोगावी मंडई भरते, रस्त्यावर गर्दी असते. मळणीच्या दिवसांत रस्त्याच्या कडेला धान वाळत घातलेलं दिसेल, चाक त्यावर घालू नका. बाभळीचे काटे भरपूर, तेव्हा दोन जादा ट्यूब, पंप आणि दोन लिटर पाणी सोबत हवंच. पाणी अर्जुनीत पुन्हा भरून घ्या.