शंभराच्या आकड्यामागचे वीस परार्ध

रक्ततपासणीच्या कागदावर एलडीएलपुढे १०० हा आकडा दिसला की आपण कागद घडी करून ठेवून देतो. तो आकडा वजनाचा आहे, एका डेसिलिटरमागे इतके मिलीग्रॅम कोलेस्टेरॉल. कण मोजायला बसलं तर काय निघतं पाहा. एलडीएलच्या एका कणाचा व्यास साधारण २२ नॅनोमीटर आणि त्यात कोलेस्टेरॉलचे दोन हजारांवर रेणू. अंगातला रक्तद्रव तीन लिटर धरला, तर ढोबळ हिशेबाने एका माणसाच्या रक्तात असे २० परार्ध कण आहेत. एकावर सतरा शून्यं म्हणजे एक परार्ध! हे सगळे कण एका ओळीत लावले तर ओळ चार कोटी किलोमीटरच्या पुढे जाईल. शुक्र पृथ्वीच्या अगदी जवळ येतो तेव्हाही साधारण इतकाच दूर असतो.

असा कण रक्तात सरासरी अडीच दिवस राहतो. म्हणजे दर सेकंदाला सुमारे नऊ लाख कोटी कण रक्तातून उचलले जातात, आणि त्यातलं बहुतेक काम एकटं यकृत करतं. यकृताच्या पेशींवरचे रिसेप्टर कण पकडतात, आत सोडतात आणि पुन्हा वर येतात. एका फेरीला दहाएक मिनिटं लागतात. डॅलसच्या मायकेल ब्राउन आणि जोसेफ गोल्डस्टीन यांनी ही यंत्रणा उलगडली. त्यांना १९८५चं नोबेल मिळालं.

आहाराचा घाव नेमका इथे बसतो. रिसेप्टर किती घडवायचे हे आपल्या सुमारे २०,००० जनुकांपैकी एका जनुकाच्या वाचनावर ठरतं. पेशीच्या आतल्या एका पातळ पटलात कोलेस्टेरॉलचं प्रमाण पाच टक्क्यांच्या वर गेलं की ते वाचन मंदावतं. लोणी, साय, वनस्पती तूप यांतली संपृक्त चरबी रोजच्या रोज पोटात गेली की रिसेप्टरांचं काम घटतं. जनुकाची अक्षरं जशीच्या तशी असतात, पण कण रक्तात रेंगाळतात आणि धमनीच्या भिंतीत शिरतात.

तिथे दुसरी जनुकं जागी होतात, आणि तीही किती लवकर! १९९३ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात सशांना कोलेस्टेरॉलयुक्त खाणं दिलं होतं. आठवड्याभरातच त्यांच्या महाधमनीच्या अस्तरावर व्हीकॅम-१ हे प्रथिन उमटलं. पांढऱ्या पेशींना चिकटवून धरणारं हे प्रथिन. भिंतीत त्या पेशी जमा व्हायच्या आधीच ते हजर होतं.

एलडीएलमधला थोडा फरकही वर्षानुवर्षं साचत जातो. पीसीएसके-९ या जनुकात जन्मतःच बिघाड असलेल्या कृष्णवर्णीय अमेरिकनांचा अभ्यास २००६ साली प्रसिद्ध झाला. त्यांचं एलडीएल इतरांपेक्षा २८ टक्के कमी होतं, हृदयधमन्यांच्या विकाराचा धोका मात्र तब्बल ८८ टक्के कमी. हा फायदा जन्मापासूनच्या वर्षांचा आहे, साठीनंतर सुरू केलेल्या पथ्याला तो पुरा मिळत नाही. म्हणून घरात कुणाला तरुणपणी हृदयविकार झाला असेल, तर विशी-पंचविशीतल्या मुलामुलींचीही लिपिड तपासणी करून घ्या.