ओट्यावरून दिसला पाहिजे

दसऱ्याची सकाळ आहे, २ ऑक्टोबर २०२५. कर्वे रस्त्यावर डोक्यावरून मेट्रो धडधडत जाते आहे आणि खाली शोरूमच्या दारात झेंडूची तोरणं इतकी खाली लोंबताहेत, की काकांना वाकून आत शिरावं लागतं. आत पाय ठेवायला जागा नाही. साडेतीन मुहूर्तांपैकी एक पुरा मुहूर्त, त्यात बत्तीस इंचांच्या वरच्या टीव्हींवरचा जीएसटी २२ सप्टेंबरपासून अठ्ठावीस टक्क्यांवरून अठरावर आलेला. कोथरूड, एरंडवणे, वारजे सगळं इथेच लोटलं आहे.

"दहा टक्के सरळ कमी झाले बघा, मावशी," सेल्समन पोरगा म्हणतो.

मावशी टपाल खात्यातून निवृत्त झाली तरी हिशेब तिच्यातून निवृत्त झालेला नाही. "दहा कसे? आधी शंभराचे एकशे अठ्ठावीस होत होते, आता एकशे अठरा होतात. म्हणजे एकशे अठ्ठावीसमागे दहा कमी. पावणेआठ टक्के."

पोरगा माझ्याकडे बघतो. मी छताकडे बघतो.

समोरच्या भिंतीवर खालपासून वरपर्यंत टीव्हीच टीव्ही, आणि प्रत्येकावर तेच चालू आहे: लालभडक मकाव पोपट पंख पसरतो, मग मधाची धार, मग कापलेलं डाळिंब, मग बर्फाचे डोंगर. या चित्रफिती खास दुकानांसाठीच बनवतात. यात माणसाचा चेहरा फारसा नसतो, अंधार बेताचाच असतो आणि भरभर हलणारं तर काहीच नसतं. म्हणजे घरी आपण जे जे बघतो ते सोडून बाकी सगळं असतं. दुकानातले दिवे मांडवातल्यासारखे लख्ख, म्हणून प्रत्येक पडदाही भडक सेटिंगवर ताणून ठेवलेला. शेजारच्या टीव्हीपेक्षा आपला फिका दिसू नये, एवढीच त्या बिचाऱ्याची इथली नोकरी.

"जरा मॅच लाव," काका म्हणतात. आज अहमदाबादला वेस्ट इंडीजविरुद्धची कसोटी सुरू झाली आहे. पोरगा एका पंचावन्न इंचीवर मॅच लावतो. सिराज धावत येतोय, गडी भराभर पडताहेत. आजूबाजूचे तीन-चार ग्राहक आपापले पोपट सोडून तिथे गोळा होतात. चेंडू टप्पा पडून यष्टिरक्षकाकडे जाताना त्याच्यामागे एक पुसट शेपूट दिसतं. बाजूच्या जरा महागड्या सेटवर तेच लावलं, तर शेपूट जवळजवळ नाही. एक पडदा सेकंदाला साठ वेळा चित्र बदलतो, दुसरा एकशे वीस वेळा. मधाच्या धारेत हा फरक सात जन्मात कळला नसता.

पोरगा आता रंगात येतो. हा एलईडी, हा क्यूएलईडी, हा ओएलईडी. पहिले दोन मुळात एकाच घरातले. पडदा द्रव स्फटिकांचा, उजेड मागच्या एलईडी दिव्यांचा. दुसऱ्यात मध्ये क्वांटम डॉट्सचा एक पातळ थर जास्त, त्यानं रंग अधिक शुद्ध येतात. तिसऱ्याचं गोत्रच वेगळं. त्याच्या मागे दिवे नाहीतच, प्रत्येक ठिपका स्वतः उजळतो आणि स्वतः विझतो. पोरगा दोन्हींवर रात्रीचं आकाश लावून दाखवतो. एलईडीवर आकाश पाटीच्या रंगाचं, ओएलईडीवर खरोखर काळं. काका "वा!" म्हणतात, मग किमतीची पट्टी वाचतात आणि दुसरं काही म्हणत नाहीत.

किंमत बाजूला ठेवली तरी काकांसाठी तो सेट घेऊ नये असंच मला वाटतं. ते सकाळी सातपासून बातम्या लावतात. एकच चॅनेल, कोपऱ्यात तोच लोगो, खाली तीच लाल पट्टी. ओएलईडीचे ठिपके वापरानं हळूहळू मंदावतात, आणि एकच आकृती वर्षानुवर्षं एका जागी राहिली तर तिथले ठिपके इतरांपेक्षा जास्त झिजून तिचा डाग पडू शकतो. कंपन्यांनी त्यावर बरेच उपाय केले आहेत. पण त्यांनी आमचे काका पाहिलेले नाहीत.

मावशी कुठे आहे?

मावशी भिंतीच्या पार उजव्या टोकाला जाऊन उभी आहे, फ्रिजच्या रांगेला पाठ लावून. तिथून ती मान तिरकी करून एकेक टीव्ही बघते, दोन पावलं सरकते, पुन्हा बघते.

"मावशी, समोरून बघा ना, समोरून खरं पिक्चर कळतं," पोरगा हाक मारतो.

"समोर हे बसतात. मी ओट्याशी असते. मला इथूनच दिसणार आहे."

मी तिच्या शेजारी जाऊन उभा राहतो आणि खरंच थक्क होतो. समोरून आम्हाला जवळजवळ पसंत पडलेल्या सेटवर पोपट गुलाबी झाला आहे आणि काळ्या भागावर पिठूळ झाक आली आहे. त्याच्या खालचा, समोरून किंचित मवाळ वाटलेला सेट मात्र इथूनही तसाच लाल दिसतो. सीनियर सेल्समन येऊन उलगडा करतो: वरच्यात व्हीए पॅनल आहे, खालच्यात आयपीएस. व्हीए समोरून जास्त गडद काळा देतं पण बाजूनं फिकं पडतं. आयपीएसचा काळा जरा राखाडी, पण कडेनं बघितलं तरी रंग टिकतात. खोक्यावर हे सहसा मोठ्या अक्षरात लिहीत नाहीत. मोठ्या अक्षरात फोर-के लिहितात, जे या भिंतीवरच्या जवळजवळ सगळ्यांतच आहे.

पोरगा शेवटचा डाव टाकतो. "थोडे वाढवा, पासष्ट इंची घ्या. नंतर सगळे म्हणतात मोठाच घ्यायला हवा होता." हे मात्र तो खोटं बोलत नाही. फोर-के पडदा पंचावन्न इंची असेल तर सात-आठ फुटांवरूनही डोळ्यांना टोचत नाही, आणि मावशीच्या दिवाणापासून भिंत नऊ फुटांवर आहे. पण मावशी पर्समधून शिवणाची टेप काढते. पुस्तकांचं कपाट आणि गॅलरीचं दार यांच्यामध्ये एकशे तीस सेंटिमीटर भिंत आहे. पंचावन्न इंची म्हणजे तिरक्या मापानं पंचावन्न, रुंदी साधारण एकशे बावीस. पासष्टची रुंदी एकशे चव्वेचाळीस. तिनं घरी जुनी वर्तमानपत्रं जोडून पंचावन्नच्या मापाचा कागद भिंतीला चिकटवून आठवडाभर ठेवला आहे. प्रश्न मिटला.

बिल होतं. मावशी बिलालाच हळदकुंकू लावते, पोरगा आपट्याचं पान देतो, एक्स्टेंडेड वॉरंटी आणि साउंडबार देऊ करतो. काका वॉरंटी घेतात, साउंडबार नाही. आजच्याच तारखेला, १९७२ साली, मुंबई दूरदर्शन सुरू झालं होतं, ही माझी माहिती त्या गलबल्यात कुणीही ऐकत नाही.

शनिवारी साडेअकरा वाजता टेक्निशियन येतो. खोकं कालच येऊन दिवाणखान्यात उभं आहे. उभंच, कारण पोचवणाऱ्यांनी बजावलं होतं की आडवं ठेवू नका आणि आमचा माणूस येईपर्यंत फोडू नका. आधी फोडलं आणि काच तडकलेली निघाली, तर ती कुणी तडकवली यावर महिनाभर फोनाफोनी होते. टेक्निशियन खोक्याचे चारही कोपरे बघतो, फोटो काढतो आणि मगच पट्टी कापतो. पातळ पडद्याला मधोमध हात लावायचा नसतो. दोघांनी दोन कडांना धरायचं. सतरंजीवर मऊ चादर, त्यावर तो पडदा पालथा.

काकांच्या कानात मोबाइलचा इअरफोन आहे. मॅचचा तिसरा दिवस, भारतानं कालच्याच ४४८ वर डाव सोडला आहे आणि वेस्ट इंडीज पुन्हा ढासळतंय. "लवकर लावा हो, जेवणापर्यंत तरी!"

टेक्निशियन भिंतीवर बोटांच्या पेरांनी ठोकतो. "वीट आहे. चांगलं आहे." हलक्या ब्लॉकची भिंत असती तर लांब गिट्ट्या लागल्या असत्या. मग तो स्विचबोर्डच्या सरळ रेषेत वर नजर नेतो. बोर्डातून निघालेली वायर प्लास्टरमागून तशीच सरळ वर जाते, तिथे ड्रिल घातलं तर घराचा फ्यूज आणि आपली बोटं दोन्ही जातात. तो चार बोटं डावीकडे सरकतो आणि पेन्सिलनं खूण करतो. खूण त्याच्या कपाळाच्या उंचीवर आहे.

"इतकं वर?" मावशी विचारते.

"सगळे इथेच लावतात, मावशी. हॉटेलात, बँकेत..."

"तिथे लोक उभे असतात. तू बस बरं दिवाणावर."

तो हातात ड्रिल मशीन घेऊन दिवाणावर बसतो. मावशी टेप काढते आणि जमिनीपासून त्याच्या डोळ्यांपर्यंत मोजते. एकशे पाच सेंटिमीटर. "पडद्याचा मध्य इथे यायला हवा. फार तर वीतभर वर." नंतर ती काकांनाही बसवून मोजते, ते पाठीला उशी घेऊन रेलतात, त्यामुळे त्यांचे डोळे आणखी खाली येतात. टेक्निशियन जुनी खूण थुंकी लावून पुसतो, मावशी ते बघते, पण सणाचे दिवस म्हणून काही बोलत नाही. नवी खूण चांगली दीड हात खाली येते.

ड्रिल सुरू होतं. मावशी भोकाखाली सुपली धरून उभी राहते, विटेचा तांबडा भुगा तिच्यात पडतो. चार भोकं, चार गिट्ट्या, पत्र्याची चौकट, बुडबुड्याची लेव्हल. पडद्याच्या पाठीवरचे स्क्रू आणि चौकटीची भोकं यांचं माप ठरलेलं असतं, म्हणून एका कंपनीचा स्टँड दुसऱ्या कंपनीच्या टीव्हीला चालतो. आम्ही दोघं पडदा उचलून अडकवतो. कट्ट. बसला.

आता सेट-टॉप बॉक्स. जुन्या बत्तीस इंचीला तो लाल-पांढऱ्या-पिवळ्या वायरींनी जोडलेला होता. नव्याच्या पाठीला तसली भोकंच नाहीत. एचडीएमआयची तीन आहेत. नशिबानं बॉक्सलाही एक आहे. टीव्ही चालू होतो आणि सगळ्यात आधी विचारतो: घर की दुकान? "घर" निवडलं की पडद्याचा भडकपणा झटकन उतरतो. काकांचा चेहराही उतरतो. "दुकानात असा नव्हता!" मी तसा करून दाखवतो. गॅलरीचा पडदा ओढलेल्या खोलीत तो पोपटी उजेड डोळ्यांत शिरतो आणि काका स्वतःच हात आडवा धरतात. मी सिनेमा मोड लावतो. सुरुवातीला पिवळट वाटतं, दहा मिनिटांत माणसांची कातडी कातडीसारखी दिसायला लागते.

पासवर्ड घालण्यात अर्धा तास जातो. रिमोटनं एकेक अक्षर. काकांच्या पासवर्डात मोठं अक्षर आहे, आकडे आहेत आणि एक चिन्ह आहे. कोणतं, हे ते फक्त मावशीच्या कानात सांगतात. टीव्ही तोवर बारा गोष्टींना संमती मागतो. तुम्ही काय बघता याची नोंद ठेवू का, जाहिराती तुमच्या आवडीच्या दाखवू का. मी जेवढं बंद करता येईल तेवढं बंद करतो.

मग सह्याद्री वाहिनी लागते आणि घरात शांतता पसरते. चित्र धुकं पडल्यासारखं. चॅनेल साध्या, एसडी दर्जाचं येतंय: ५७६ ओळी. पडद्याला लागतात २१६०. मधल्या ओळी टीव्ही अंदाजानं भरतो, आणि अंदाज तो अंदाजच. एवढंच नाही, जुन्या कार्यक्रमातली माणसं आडवी ताणली गेली आहेत. मी प्रमाण ४:३ करतो. दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या येतात.

"पैसे पंचावन्न इंचांचे दिलेत ना? मग पट्ट्या कशाला?" काका.

"निवेदिका बघा, आधी सुजली होती," मावशी. पट्ट्या राहतात.

"सिंहगडाच्या मनोऱ्याकडे अँटेना फिरवायचो तेव्हा मुंग्या यायच्या," काका मला सांगतात, "पण माणसं बारीक दिसायची."

परीक्षा म्हणून मी यूट्यूबवर शांतारामबापूंचा १९७२ चा 'पिंजरा' लावतो. संध्याचं नृत्य सुरू होतं आणि काहीतरी खटकतं: ती घरंगळल्यासारखी हलतेय, सिनेमा नव्हे तर संध्याकाळची मालिका वाटतेय. सिनेमा सेकंदाला चोवीस चित्रांत टिपलेला. टीव्ही मधली चित्रं स्वतः घडवून घुसडतोय, हालचाल गुळगुळीत व्हावी म्हणून. मेनूच्या पाचव्या पायरीवर ते बंद करायचं बटण सापडतं. कंपन्या हे चालू ठेवूनच टीव्ही पाठवतात, याबद्दल माझा त्यांच्यावर कायमचा राग आहे. मॅचला ते एक वेळ ठीक, लावणीला नाही.

"मॅच! अरे मॅच लाव!" काकांना एकदम आठवतं.

लावतो. खेळाडू हस्तांदोलन करताहेत. वेस्ट इंडीज १४६ वर गारद, भारत एक डाव आणि १४० धावांनी विजयी, तीन दिवसांच्या आत. काकांनी इअरफोन पासवर्डाच्या वेळी काढून ठेवला होता. ते कुणालाच काही बोलत नाहीत, फक्त आवाज वाढवतात. आवाज मोठा होतो, शब्द मात्र कळत नाहीत. इतक्या चपट्या टीव्हीत स्पीकर पुढे तोंड करून बसवायला जागा नसते, ते खाली बघतात. मी बोलणं स्पष्ट करणारं सेटिंग चालू करतो. थोडा फरक पडतो. साउंडबारचा विषय मी काढत नाही, आणि काकाही काढत नाहीत.

मावशी चहाचं आधण ठेवायला आत गेली आहे. "सामनावीर कोण रे?"

"जडेजा बहुतेक."

"बहुतेक काय, हा घेतोय की ट्रॉफी. दिसतंय मला."

टेक्निशियन चहा घेतो, काकांकडून ओटीपी घेतो, पाच स्टार द्या म्हणून दोनदा आठवण करतो. रिकामं खोकं पंधरा दिवस टाकू नका, म्हणतो. तेवढ्यात त्याचा फोन वाजतो. पुढचं घर, डहाणूकर कॉलनी.

"हो, निघालोच. एक करा साहेब, दिवाणावर बसून डोळे जमिनीपासून किती वर येतात ते मोजून ठेवा... नाही, डोळे. टीव्हीचा मध्य तिथे... काय? देवघराच्या वर? सहा फूट?" तो मावशीकडे एकदा बघतो. "बरं, सहा फूट," म्हणत पिशवी खांद्याला लावून जिना उतरायला लागतो.