बर्फातील माणके

डिसेंबर महिन्यातील इंग्लंडमधील बाग प्रथमदर्शनी अगदी उदास दिसते. फुलांचे ताटवे केव्हाच सुकून गेलेले असतात. बहुतेक वृक्षांनी आपली पाने गाळून टाकलेली असतात आणि आकाशात राखी रंगाचे ढग दाटलेले असतात. तथापि त्याच बागेत सावकाश फेरफटका मारला, तर कुंपणाच्या कडेने मधूनच लालभडक रंग चमकून जातो. हा रंग फुलांचा नव्हे, फळांचा असतो. मण्याएवढ्या या फळांची छायाचित्रे टिपण्यासाठी कित्येक हौशी माणसे ऐन थंडीत भल्या सकाळी घराबाहेर पडतात.

या झुडपांमध्ये अग्रमान हॉलीला द्यावा लागेल. तिची पाने काटेरी, गर्द हिरवी व चकचकीत असून ती बाराही महिने झाडावर असतात. हॉलीमध्ये नर व मादी अशी झाडे निरनिराळी असतात. फळे धरतात ती केवळ मादीझाडावर, आणि तीही जवळपास नरझाड असेल तरच. पायराकँथा या दुसऱ्या काटेरी झुडपावर लाल, नारिंगी किंवा पिवळ्या फळांचे घोस लगडतात. हिमालयात कुमाऊँच्या डोंगरांत घिंगारू म्हणून जे झुडूप ओळखले जाते, ते याच कुळातील होय. अमेरिकेत हॉलीची एक बहीण अशी आहे, की ती हिवाळ्यापूर्वी आपली सर्व पाने गाळते. मग निष्पर्ण काड्यांवर केवळ लाल मणी तेवढे उरतात!

फळांना हा भडक रंग कशासाठी मिळाला असावा? झाडाला चालता येत नाही. आपले बी दूरवर पाठवायचे, तर त्याला कोणाची तरी मदत हवी. पक्ष्यांची दृष्टी रंगांच्या बाबतीत फार तीक्ष्ण असते. हिरव्या पानांतील लाल फळ त्यांना दुरूनही दिसते. ते फळ गिळतात, गर पचवतात आणि बी विष्ठेवाटे दुसरीकडे टाकतात. पक्ष्याला अन्न मिळते व झाडाचा वंश पसरतो. असा हा परस्परांच्या सोयीचा व्यवहार आहे.

छायाचित्र काढणाऱ्याने प्रथम प्रकाश ओळखावयास शिकले पाहिजे. २१ डिसेंबरच्या सुमारास लंडनमध्ये दिवस जेमतेम आठ तासांचा असतो. भर दुपारीही सूर्य क्षितिजापासून सुमारे १५ अंशच वर येतो. त्याच दिवशी मुंबईत तो सुमारे ४७ अंश वर असतो. यामुळे तेथील ऊन दिवसभर तिरपे पडते. असे ऊन फळांच्या मागून आले, म्हणजे पानांच्या कडा उजळून निघतात. ऊन समोरून पडले, तर मात्र चकचकीत फळावर पांढरा ठिपका उमटतो व रंग फिका दिसतो. म्हणून ढगाळ दिवस वाईट असे समजू नये. ढगांतून गाळून आलेला मऊ उजेड लाल रंगाला खुलवतो.

निरभ्र व निवांत रात्रीनंतरची सकाळ तर फारच मोलाची! अशा रात्री हवेतील बाष्प फळापानांवर गोठते आणि पांढऱ्या कणांची नाजूक झालर तयार होते. ऊन तापताच ती वितळते. म्हणून सूर्योदयापूर्वीच तेथे पोहोचावे लागते. फार जवळ जाऊन श्वास सोडला, तरीही ती विरून जाते. बर्फ पडला असेल, तर आणखी एक अडचण येते. समोरचे दृश्य मध्यम उजेडाचे आहे, असे गृहीत धरून कॅमेरा प्रकाश मोजतो. शुभ्र बर्फाने तो फसतो आणि बर्फ मळकट करडा दिसतो. जाणता छायाचित्रकार अशा वेळी मुद्दाम थोडा अधिक प्रकाश आत घेतो.

लहान फळ जवळून टिपताना थोडासाच भाग रेखीव येतो. मागचे-पुढचे सारे धूसर होते. भिंगाचे छिद्र लहान केले, तर रेखीवपणा वाढतो. परंतु मग प्रकाश अधिक वेळ आत घ्यावा लागतो आणि तेवढ्यात वाऱ्याने फांदी हलते. यास्तव कॅमेरा तिपाईवर ठेवावा, वारा थांबण्याची वाट पाहावी आणि फळामागे दूरवरची गडद छाया येईल अशी जागा निवडावी.

अशा वेळी एक मोह होतो. फांदी तोडून घरी आणली, तर ना थंडी, ना वारा! परंतु त्या फांदीवर कोणाची तरी उपजीविका असते. आपल्याकडील कस्तूर पक्ष्याचा नातलग असलेला मिसल थ्रश हा पक्षी हिवाळ्यात हॉलीचे एखादे झाड आपलेसे करतो आणि इतर पक्ष्यांना हुसकावून त्यावर पहारा देतो. बार्बरा व डेव्हिड स्नो या पक्षिशास्त्रज्ञ दांपत्याने दक्षिण इंग्लंडमध्ये अशा पक्ष्यांचे बारकाईने निरीक्षण केले व १९८८ साली त्यावर ग्रंथ प्रसिद्ध केला. राखण असलेल्या झाडावर हिवाळा सरेपर्यंत फळे टिकतात, तर इतर झाडे लवकर ओकीबोकी होतात. म्हणजे छायाचित्रकाराला जे केवळ सुंदर दृश्य वाटते, ते त्या पाखराचे धान्याचे कोठार असते. ज्याने फांदी तोडली त्याला चित्र मिळेल. पण त्या पाखराच्या पुढच्या दिवसांचे अन्न मात्र त्याने हिरावून घेतलेले असेल.

आपल्या महाराष्ट्रात बर्फ पडत नाही. तरी कामिनीच्या कुंपणावर लालसर फळे धरतात आणि बुलबुल ती खावयास येतात. साध्या कॅमेऱ्यानेही ती टिपता येतील. मात्र अनोळखी फळ तोंडात घालू नये. हॉलीची फळे पक्ष्यांना पोषक, पण माणसांना विषारी असतात. चित्र घेऊन परतताना झाड जसे होते तसेच मागे राहिले, तर ते चित्र खऱ्या अर्थाने चांगले म्हणावे.