सीमा ओलांडून आलेला ‘र’

१६५८च्या हिवाळ्यात डेन्मार्कच्या बेटांमधला समुद्र गोठला आणि स्वीडनचा राजा दहावा कार्ल गुस्ताव फौज घेऊन बर्फावरून चाल करून गेला. घाबरलेल्या डेन्मार्कने रोस्किल्डच्या तहात स्कोने आणि ब्लेकिंगे हे आजच्या दक्षिण स्वीडनमधले प्रांत सोडून दिले. मग आलं स्वीडिशीकरण: १६६६ साली लुंडचं विद्यापीठ, पुढे चर्चमध्येही स्वीडिश.

आजही स्कोनेतल्या माल्मोच्या माणसाने तोंड उघडलं, की इतर स्वीडिश लोक ‘ही बोली तर अर्धी डॅनिश’ म्हणून चेष्टा करतात. त्यात तथ्य आहे, पण थोडंच. रस्त्याला प्रमाण स्वीडिशमध्ये ‘गाता’ म्हणतात, स्कोनेच्या जुन्या बोलीत ‘गादा’. स्वरानंतरचे प, त, क मऊ होऊन ब, द, ग होणं हा मध्ययुगातला बदल. तेव्हा स्कोने डेन्मार्कमध्येच होतं.

‘र’ची गोष्ट वेगळी. स्टॉकहोमचा ‘र’ जिभेच्या टोकाचा, स्कोनेचा डॅनिशसारखा घशातला. हाही जुना वारसा वाटतो. पण अभ्यासकांच्या मते तो कोपनहेगनमधून आला तहानंतर शंभरेक वर्षांनी! राज्य बदललं होतं, तरी समोरच्या किनाऱ्यावरच्या राजधानीचा रुबाब कायम होता. उच्चाराची फॅशन जकातनाक्यावर थोडीच अडते? स्कोनेतून हा ‘र’ उत्तरेकडे सरकला. वाटेतल्या स्मोलांड प्रांताच्या काही भागांत तर शब्दाच्या सुरुवातीला घशातला ‘र’ आणि इतरत्र जिभेचा, अशी वाटणी झाली. ही लाट अर्ध्या वाटेत थबकल्याची खूण.

आपल्या कानाला यातली एक गंमत लगेच कळेल. जिभेचा ‘र’ पुढच्या त, द, न यांना मूर्धन्य करतो. त्यामुळे ‘बार्न’ (मूल) हा शब्द स्टॉकहोममध्ये जवळजवळ ‘बाण’ असा ऐकू येतो. घशातल्या ‘र’ला हे जमत नाही, म्हणून स्कोनेत ‘ट’ आणि ‘ण’ नाहीत.

आणि डॅनिशची खरी ओळख असलेला घशातला झटका, ‘स्टोद’? तो स्कोनेच्या बोलीत नाहीच. तिथे शब्दांना स्वीडिशसारखे दोन सूर आहेत, आणि तिचे प्रसिद्ध लांबट, वळणारे स्वर तर कोपनहेगनमध्येही तसे सापडत नाहीत. तिला ‘अर्धी डॅनिश’ म्हणणाऱ्यांनी जरा कान देऊन ऐकावं.