सीमाप्रश्न : घटक कोणता मानावा?

सलग प्रदेश, स्वतंत्र भाषा आणि लोकांचा स्पष्ट कौल एवढ्या बळावर सीमा बदलते काय? कुर्दिस्तानचा अनुभव नकारार्थी आहे. १९२० च्या सेव्हर तहाने दाखविलेली स्वातंत्र्याची आशा १९२३ च्या लोझान तहात उरली नाही. २५ सप्टेंबर २०१७ रोजी इराकी कुर्दिस्तानात ९२ टक्क्यांहून अधिक मते स्वातंत्र्याच्या बाजूने पडली. परंतु बगदाद, अंकारा व तेहरान या तिघांचाही विरोध होता, आणि ऑक्टोबरात किर्कुक इराकी सैन्याने घेतले.

महाराष्ट्र-कर्नाटक सीमाप्रश्न सार्वभौमत्वाचा नाही, राज्यसीमेचा आहे. संविधानाच्या अनुच्छेद ३ अन्वये संसद सीमा बदलू शकते; त्यासाठी राज्यांचे मत मागवावे लागते, संमती आवश्यक नसते. मार्ग असा मोकळा असूनही प्रश्न सुटत नाही, याचे एक प्रमुख कारण घटकाविषयीच्या मतभेदात आहे.

राज्य पुनर्रचना आयोगाने १९५५ साली सामान्यतः जिल्हा हा घटक मानला. तथापि बेळगाव जिल्ह्यातून चंदगड तालुका वेगळा काढला. उर्वरित जिल्हा १ नोव्हेंबर १९५६ रोजी म्हैसूर राज्यात गेला. महाराष्ट्राने खेडे हा घटक, भौगोलिक सलगता, सापेक्ष भाषिक बहुमत व लोकेच्छा अशी चतुःसूत्री मांडून ८१४ खेडी मागितली, आणि त्याच न्यायाने आपली २६० कन्नडभाषक खेडी देऊ केली. १९६६ साली नेमलेल्या महाजन आयोगाने पुढील वर्षी निपाणी, खानापूर आदी भाग महाराष्ट्राला, जत-अक्कलकोटकडील भाग म्हैसूरला द्यावा आणि बेळगाव शहर म्हैसूरकडेच ठेवावे, अशी शिफारस केली. महाराष्ट्राने ती नाकारली. २००४ साली वाद सर्वोच्च न्यायालयात गेला.

सोलापूरच्या अभ्यासकाची खरी कसोटी येथे आहे. बेळगावसाठी जे सूत्र आपण न्याय्य म्हणतो, ते अक्कलकोट व दक्षिण सोलापूर तालुक्यांतील कन्नडभाषक खेड्यांनाही लागू पडते. २०२२ साली कर्नाटकाचे मुख्यमंत्री बसवराज बोम्मई यांनी जत, अक्कलकोट व सोलापूरचा उल्लेख करून हाच मुद्दा उपस्थित केला. त्या वेळी जतच्या सीमेवरील गावांची तक्रार प्रामुख्याने पाण्याविषयी होती. म्हणजे लोकेच्छा केवळ भाषेने ठरत नाही. कोणते राज्य पाणी, रस्ता व शाळा पोहोचविते, यावरही ती अवलंबून असते.

कुर्दांच्या मागणीस शेजारी राष्ट्रांची संमती हवी, आणि ती मिळत नाही. आपल्याकडे निर्णयाचा अधिकार एका संसदेस आहे. मात्र उभय राज्ये आपापल्या सोयीचे माप पुढे करीत राहतील, तोवर त्या अधिकाराचा वापर कोणतेही केंद्र सरकार सहसा करणार नाही. खेड्याचे माप आपल्या गैरसोयीच्या ठिकाणीही मान्य करण्याची तयारी हेच महाराष्ट्राच्या बाजूचे खरे बळ होय.