हवेत इंधन पाजणारी विमाने

२२ सप्टेंबर १९३४ रोजी ब्रिटिश वैमानिक सर ॲलन कॉबम इंग्लंडहून कराचीला निघाले. कराची तेव्हा हिंदुस्थानात होती. वाटेत कुठेही उतरायचे नाही, पेट्रोल हवेतल्या हवेत घ्यायचे, असा बेत होता. इंग्लंडच्या आकाशातच एका जुन्या हँडली पेज विमानाने नळी सोडून त्यांची टाकी भरली. माल्टावर दुसऱ्या विमानाने भरली. पण तिथेच थ्रॉटल निकामी झाला आणि चाके न उघडताच त्यांना विमान उतरवावे लागले. कॉबम सुखरूप राहिले. त्यांना इंग्लंडवर पेट्रोल देणारे विमान मात्र त्याच दिवशी ॲस्टन क्लिंटन गावात कोसळले. शेपटीचा आधार सांभाळणारा एक बोल्ट तुटला होता. विमानातले चौघेही गेले.

टँकर विमानांचा इतिहास चाळताना मला ही गोष्ट पुन्हा पुन्हा भेटते. विक्रम इंधन घेणाऱ्याच्या नावावर लागतो, देणाऱ्याचे नाव तळटीपेत जाते. मला हे खटकते.

सुरुवात झाली २७ जून १९२३ रोजी, सॅन दिएगोत. अमेरिकी लष्कराची दोन डीएच-४ विमाने एकावर एक उडाली, वरच्याने रबरी नळी खाली सोडली आणि खालच्या विमानातल्या मागच्या माणसाने ती हाताने पकडून टाकीत घातली. ऑगस्टमध्ये याच पद्धतीने एक विमान सदतीस तास हवेत राहिले. नोव्हेंबरमध्ये टेक्सासच्या केली फील्डवर प्रात्यक्षिक चालू असताना नळी विमानात अडकली आणि पेट्रोल देणाऱ्या विमानाचा वैमानिक ठार झाला. या विद्येचा पहिला बळी पाच महिन्यांच्या आत गेला, आणि तो देणाऱ्याचा होता.

१९४९ मध्ये ‘लकी लेडी टू’ हे बी-५० बॉम्बर ९४ तास १ मिनिटात, कुठेही न उतरता पृथ्वीला वळसा घालून आले. चार ठिकाणी त्याने इंधन घेतले. त्यातल्या फिलिपाइन्सच्या टप्प्यावर इंधन देऊन परतणारे एक टँकर खराब हवेत कोसळले, नऊ जण गेले.

पुढे दोन पद्धती रुळल्या. एकीत टँकर लांब नळी सोडतो, तिच्या टोकाला बॅडमिंटनच्या फुलासारखी टोपली असते आणि मागच्या वैमानिकाने आपल्या विमानाची नळी तिच्यात नेमकी घुसवायची असते. दुसरीत टँकरच्या शेपटीखालून कडक दांडा निघतो. त्याला बूम म्हणतात. अमेरिकी केसी-१३५ टँकरमध्ये बूम चालवणारा पोटावर पालथा पडून खिडकीतून खाली पाहत तो दांडा मागच्या विमानाच्या तोंडात बसवतो. दोन्ही विमानांचा वेग ताशी काही शे किलोमीटर असतो, मधले अंतर काही मीटरचे. मागचे विमान आपल्या पुढची हवा ढकलत येते, ती टोपलीला बाजूला सारते आणि टँकरच्या शेपटीलाही जाणवते. हे जमणे सवयीचे झाले म्हणून सोपे झालेले नाही.

१७ जानेवारी १९६६ रोजी स्पेनच्या पालोमारेस गावावर हेच चुकले. सुमारे ३१ हजार फुटांवर बी-५२ बॉम्बर मागून थोडे जास्तच वेगाने आले आणि टँकरला भिडले. बॉम्बरमधल्या सात जणांपैकी चौघे वाचले. इंधनाने भरलेल्या केसी-१३५ मधले चौघेही मेले. बॉम्बरवर चार हायड्रोजन बॉम्ब होते. दोघांतली साधी स्फोटके फुटून टोमॅटोच्या शेतांवर प्लुटोनियम पसरले आणि एक बॉम्ब समुद्रात पडला, तो शोधायला जवळजवळ ऐंशी दिवस लागले. जग पालोमारेस बॉम्बांसाठी लक्षात ठेवते. टँकरमधल्या त्या चौघांचा उल्लेख एका ओळीत संपतो.

धोका केवळ आकाशात नसतो. १० डिसेंबर १९९३ रोजी अमेरिकेत मिलवॉकीला जमिनीवर उभ्या असलेल्या केसी-१३५ च्या टाकीतला पंप तापून स्फोट झाला. देखभाल करणारे सहा जण गेले.

मला सर्वांत मोठी वाटते ती १९८२ च्या फॉकलंड युद्धातली रात्र. ३० एप्रिलला असेन्शन बेटावरून एका व्हल्कन बॉम्बरला सहा हजार किलोमीटरहून लांबच्या पोर्ट स्टॅन्लीवर जायचे होते. त्यासाठी अकरा व्हिक्टर टँकर उडाले. ते व्हल्कनला पाजत, एकमेकांना पाजत, मग एकेक माघारी वळत. शेवटच्या टप्प्यात वादळ आले. पुढे जायच्या व्हिक्टरची इंधन घेण्याची नळी मोडली, म्हणून बॉब टक्सफर्ड यांच्या व्हिक्टरने दिलेले इंधन परत घेतले आणि भूमिका बदलून तेच पुढे गेले. व्हल्कनला त्यांनी इतके दिले, की स्वतःला असेन्शनपर्यंत परतण्यापुरते उरले नाही. रेडिओवर मदत मागितली असती तर मोहीम उघडी पडली असती. टक्सफर्ड यांच्या व्हिक्टरमधले पाचही जण गप्प राहिले. बॉम्ब पडल्याचा संकेत ऐकल्यावरच त्यांनी दुसरा टँकर बोलावला आणि वाचले. व्हल्कनच्या २१ बॉम्बपैकी एक धावपट्टीवर लागला.

आता आपल्याकडे. लोहगावहून झेपावणारे सुखोई पुणेकरांना आवाजानेच कळते. त्याच्या नाकाच्या डाव्या अंगाला आत दुमडणारी एक नळी असते. ती फक्त टँकरसाठी. नाशिकजवळ ओझरला जोडली गेलेली ही विमाने आणि आपली जग्वार, मिराज लांबवर जातात ती आग्र्याच्या ७८ स्क्वाड्रनच्या भरवशावर. २००३ पासून या स्क्वाड्रनकडे सहा इल्युशिन-७८ टँकर विमाने आली. २००४ मध्ये जग्वार अलास्काला गेली ती यांच्याच जोरावर. बालाकोटवरच्या हवाई हल्ल्यानंतर मिराजची चर्चा घरोघर झाली. त्या रात्री इल्युशिनही आकाशात होते, हे किती जणांना ठाऊक आहे?

महालेखापरीक्षकांच्या २०१७ च्या अहवालानुसार २०१० ते २०१६ या काळात या इल्युशिनपैकी सरासरी ४९ टक्केच विमाने उड्डाणयोग्य होती. अपेक्षा ७० टक्क्यांची होती. मार्च २०२५ मध्ये वायुदलाच्या प्रशिक्षणासाठी एका परदेशी कंपनीचे टँकर भाड्याने घेण्याचा करार झाला. ते केसी-१३५ होते. या जातीचे पहिले उड्डाण १९५६ सालचे.