आहार आणि पौरुष

लग्नाला दोन वर्षें लोटलीं आणि पाळणा हलला नाहीं, कीं जालना जिल्ह्यांतील खेड्यापाड्यांत बहुधा दोष सुनेच्या माथीं बसतो. मुलगा मात्र कोणास न सांगतां ताकदीचें चूर्ण शोधूं लागतो. वस्तुतः दोघांनींही प्रथम आपल्या ताटाकडे पाहिलें पाहिजे.

आहार व प्रजननशक्ति यांचा संबंध आयुर्वेदानें पूर्वींच ओळखला होता. त्याच्या आठ अंगांपैकीं वाजीकरण हें एक असून, चरकसंहितेंत दूध, तूप व उडीद यांस त्यांत मान आहे. अर्वाचीन शास्त्रास एक धागा इराणांत सांपडला. डॉ. आनंद प्रसाद यांना शिराझ येथें १९५८ सालीं वाढ खुंटलेला एक तरुण आढळला. वयांत येण्याचीं लक्षणें त्याच्यांत उमटलींच नव्हतीं. त्याच्यासारखे इतरही पुढें आढळले. त्यांचें मुख्य अन्न गव्हाची रोटी होतें. अशा रुग्णांच्या शरीरांत जस्त कमी असतें, हें १९६३ सालीं ईजिप्तमधील अभ्यासानें दिसून आलें. पुढें जस्त दिल्यावर अशा रुग्णांची वाढ व लैंगिक परिपक्वता सुरू झाली.

धान्यांतील फायटेट नांवाचें द्रव्य जस्तास बांधून ठेवतें व शरीरांत शोषूं देत नाहीं. ज्वारी-बाजरीसही हें लागू आहे; पण म्हणून भाकरी सोडण्याचें कारण नाहीं. मटकी-मुगास मोड आणले, म्हणजे त्यांतील फायटेट घटतें. तीळ, शेंगदाणे, हरभरा, अंडीं व मांस यांतून जस्त मिळतें. जालन्याच्या मोसंबींतील 'क' जीवनसत्त्व भाजी-भाकरींतील लोह शोषण्यास साहाय्य करितें. रक्तक्षयानें खंगलेल्या स्त्रीस त्याचें मोल अधिक. पालेभाज्या व डाळी यांत फोलेट असतें. शिवाय गर्भधारणेपूर्वींपासून रोज ४०० मायक्रोग्रॅम फोलिक आम्ल घेतल्यास अर्भकाच्या मज्जारज्जूचे दोष बव्हंशीं टळतात.

मात्र शरीराची गरज भागल्यावर अधिक खाण्यानें पौरुष वाढत नाहीं. पुरुषाची शिथिलता पुष्कळदां रक्तवाहिन्यांच्या विकारामुळें येते; मधुमेह, रक्तदाब व तंबाखू हीं त्याचीं कारणें. कधीं ती हृदयविकाराची पूर्वसूचनाही असते. कित्येक चूर्णांत सिल्डेनाफिल हें औषध लपवून मिसळलेलें आढळलें आहे. हृदयविकारावर नायट्रेट घेणाऱ्याच्या तें जिवावर बेतूं शकतें.

नवे शुक्राणु तयार होण्यास सुमारें अडीच महिने लागतात. म्हणून आठ दिवसांत गुण देण्याचें वचन फसवें समजावें. वर्षभरांत गर्भ न राहिल्यास पति-पत्नी दोघांनींही तपासणी करून घ्यावी. वीर्याची तपासणी सोपी असते, आणि तिनें निर्दोष सुनेवरील कलंक पुसला जाऊं शकतो.